दर महिन्याला पाऊस पडणाऱ्या बेटांची तहान: तुवालू, २०११

२८ सप्टेंबर २०११ रोजी प्रशांत महासागरातल्या तुवालू या चिमुकल्या बेटांच्या देशात सरकारने आणीबाणी जाहीर केली, कारण प्यायचं पाणी संपत आलं होतं. तीन दिवसांनी, १ ऑक्टोबरला, देशाचा स्वातंत्र्यदिन होता. राजधानीच्या फुनाफुती बेटावर आणि दक्षिणेकडच्या नुकुलाएलाएवर रेशन ठरलं ते असं: प्रत्येक घराला दिवसाला दोन बादल्या, म्हणजे चाळीस लिटर. घरात माणसं किती, याचा हिशेब त्यात नव्हता. तिकडे एका छपराखाली सहा-सात माणसं असणं नेहमीचं. म्हणजे माणशी सहा लिटर, फार तर सात. पिणं, रांधणं, तान्ह्या बाळाचं दूध, आजाऱ्याचं अंग पुसणं, सगळं त्यातच. आपत्तीच्या वेळी माणशी किमान पंधरा लिटर तरी मिळावेत, असा जगभरच्या मदतसंस्थांनी मान्य केलेला दंडक आहे. आपल्याकडे जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण घरासाठी माणशी पंचावन्न लिटर धरतात. या दोन आकड्यांच्या शेजारी ते सहा लिटर ठेवून पाहिले, की त्या दोन बादल्या किती हलक्या होत्या ते कळतं.

आता दुसरा आकडा. फुनाफुतीवर वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रत्नागिरीच्या तोडीचा, किंबहुना थोडा जास्तच.

मी कोकणातला. इतका पाऊस पडूनही मार्च-एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो, हे लहानपणापासून पाहत आलो आहे, त्यामुळे ‘एवढा पाऊस आणि तरी तहान’ याचं मला आश्चर्य वाटलं नाही. पण तुवालूची गोष्ट वाचत गेलो तसं लक्षात आलं की तिथलं दुखणं आपल्या कोकणाहून वेगळं आहे. आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो आणि आठ महिने कोरडे जातात. तुवालूत पाऊस बाराही महिने पडतो. नोव्हेंबर ते एप्रिल जास्त, मे ते ऑक्टोबर कमी. पण ‘कमी’ म्हणजेही महिन्याला दोनशे मिलिमीटर. ज्याच्या दारात दर आठवड्याला पाऊस येतो, तो घराशेजारी केवढी टाकी बांधेल? आठवड्याची, पंधरवड्याची, फार तर महिन्याची. वर्षानुवर्षं तेवढी पुरते. आणि मग एक वर्ष असं येतं की सहा महिने म्हणावा तसा पाऊसच येत नाही. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. दुष्काळ आभाळातून आला हे खरं, पण तो किती दिवसांत आणीबाणीपर्यंत पोचणार, हे टाकीच्या आकाराने आणि छपराच्या पन्हळीने आधीच ठरवून ठेवलं होतं.

जमिनीत पाणी का नाही

तुवालू म्हणजे नऊ बेटं, मिळून सव्वीस चौरस किलोमीटर. २०११ मध्ये वस्ती साडेदहा हजारांच्या घरात. सगळ्यात उंच जागा समुद्रापासून साडेचार मीटरच्या आसपास. देशात नदी नाही, ओढा नाही, डोंगर तर नाहीच. ही प्रवाळबेटं. मध्ये खाजण आणि त्याभोवती प्रवाळाच्या चुऱ्याची, वाळूची अरुंद पट्टी. फुनाफुतीवरची मुख्य पट्टी फोंगाफाले. लांबी बारा किलोमीटर, आणि रुंदी जिथे जास्तीत जास्त आहे तिथे चारशे मीटर. काही ठिकाणी तर वीस मीटरसुद्धा भरत नाही; एका बाजूला खुला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाजण, मधून रस्ता. देशातली निम्मी माणसं या पट्टीवर राहतात.

१८९६ ते १८९८ या काळात लंडनच्या रॉयल सोसायटीने इथे खोल विंधन घेतलं होतं. प्रवाळबेटं कशी बनतात याबद्दलची डार्विनची कल्पना तपासायची होती. १,११४ फुटांपर्यंत खाली गेले, तरी प्रवाळाचाच चुनखडक लागत राहिला. ज्वालामुखीचा कठीण काळा दगड काही लागला नाही. पाण्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे: पावसाचं पाणी अडवून धरील असा थर खाली नाही. सगळं चाळणीसारखं सच्छिद्र.

तरीही प्रवाळबेटावर गोडं पाणी टिकतं, आणि ते टिकवणारी युक्ती निसर्गाची आहे. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा किंचित जड असतं, लिटरमागे पंचवीस ग्रॅमनी. त्यामुळे वाळूतून मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यात मिसळून न जाता त्याच्यावर तरंगत राहतं, मधे जाड आणि कडांना पातळ अशा भिंगाच्या आकारात. हिशेबाने समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली चाळीस फूट असायला हवं. प्रत्यक्षात भरती-ओहोटीने ते रोज घुसळलं जातं, आणि पंधरा-वीस मीटर खाली जुन्या, मोठ्या भोकांच्या चुनखडकात ते खाऱ्यात मिसळून जातं. म्हणून भिंग पातळच राहतं. बेट जितकं रुंद, तितकं भिंग जाड. फोंगाफाले अरुंद आहे. आणि चाळीसास एकचा हा हिशेब उलटाही चालतो: वरचं पाणी थोडं उतरलं की खालचं खारं पाणी झपाट्याने वर सरकतं.

एवढ्यावर भागलं असतं तर गोष्ट निराळी झाली असती. पण २ ऑक्टोबर १९४२ रोजी अमेरिकेचं सैन्य फुनाफुतीवर उतरलं. जपानविरुद्धच्या लढाईसाठी धावपट्टी हवी होती. ती बेटाच्या सगळ्यात रुंद भागात घातली गेली, म्हणजे नेमकी जिथे माड होते आणि पुलाकाचे, म्हणजे तिथल्या अळूसारख्या कंदाचे, खड्डे होते तिथे. भरावाला प्रवाळ लागला, तो बेटावरच जागोजाग खणून काढला. ते खड्डे युद्धानंतर तसेच उघडे राहिले. त्यांत भरतीचं पाणी चढायचं, कचरा साचायचा, आणि काठावर लोक झोपड्या बांधून राहायचे. न्यूझीलंडच्या मदतीने खाजणातली वाळू टाकून ते बुजवले गेले २०१५ साली, बहात्तर-त्र्याहत्तर वर्षांनी. त्यात दाट वस्ती, प्रत्येक घराशेजारी सेप्टिक टाकी, डुकरांचे गोठे. या सगळ्यांची गळती त्याच वाळूत. फोंगाफालेवरचं विहिरीचं पाणी मचूळ आणि दूषित. धुण्याला, गोठा धुवायला चालेल, पिण्याला नाही. लोकांच्या पिण्याच्या पाण्याची सगळी मदार छपरावरून उतरणाऱ्या पागोळीवर.

पुलाका म्हणजे आपल्या अळूच्या कुळातलीच वनस्पती, पण आकाराने अवाढव्य, दलदलीत वाढणारी. तुवालूचे लोक पिढ्यान्‌पिढ्या वाळूत माणसाच्या उंचीचे खड्डे खणत, ते भिंगाच्या गोड्या पाण्यापर्यंत नेत, त्यात पालापाचोळा कुजवून माती तयार करत आणि पुलाका लावत. मातीच नसलेल्या बेटावर हाताने घडवलेली ही माती. कंद तयार व्हायला वर्षं लागतात. खड्ड्यातलं पाणी खारट झालं की पानं पिवळी पडतात, कंद आतून सडतो. म्हणजे पुलाकाचा खड्डा हीच तिथली जुनी पाणीपातळी मोजण्याची पट्टी. २०११ मध्ये ती पट्टीही धोका दाखवत होती. केळी सुकत होत्या, आणि एरवी अडीअडचणीला कामी येणारी शहाळीसुद्धा पाण्याला मोताद झाली होती.

ढग कुठे गेले

पापुआ न्यू गिनीकडून निघून आग्नेयेला फ्रेंच पॉलिनेशियाच्या दिशेने ढगांचा एक लांबलचक पट्टा दक्षिण प्रशांत महासागरावर पसरलेला असतो. दोन दिशांचे वारे एकत्र येऊन हवा वर चढते, त्यातून तो तयार होतो. तुवालूच्या पावसाचा मोठा वाटा या पट्ट्याचा. ला निनाच्या काळात विषुववृत्तालगतचं पाणी गार पडतं आणि हा पट्टा नेहमीच्या जागेवरून नैऋत्येला सरकतो. तुवालू त्याच्या बाहेर, कोरड्या बाजूला राहतं.

२०१०-११ चा ला निना नोंदींमधला एक अतिशय जोरदार ला निना होता. २०११ च्या मध्याला तो ओसरल्यासारखा वाटला आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुन्हा उभा राहिला. पहिल्याने टाक्या रिकाम्या केल्या, त्या भरायच्या आत दुसरा आला.

आपल्याकडे ला निना म्हटलं की जीव भांड्यात पडतो. २०१० आणि २०११ या दोन्ही वर्षी भारतात मान्सून सरासरीच्या आसपास, समाधानकारक झाला. म्हणजे त्याच समुद्राच्या त्याच थंड पाण्याने एका ठिकाणी खरीप साधून दिला आणि दुसऱ्या ठिकाणी घागर उपडी केली. एल निनोत उलट. आपण आभाळाकडे बघत बसतो आणि तुवालूत धो धो पडतं. प्रशांत महासागरातल्या सगळ्या बेटांचाही एक न्याय नाही. विषुववृत्ताच्या उत्तरेला असलेल्या मार्शल बेटांवर २०१६ च्या सुरुवातीला एल निनोमुळे दुष्काळाची आणीबाणी लागली होती. त्यामुळे ‘बेटांवरचा दुष्काळ’ असा एकच गठ्ठा करून चालत नाही. कुठल्या बेटाचं कुठल्या वाऱ्याशी नातं आहे, हे आधी पाहावं लागतं.

एका छपराचा हिशेब

आणीबाणीच्या बातम्या वाचताना मला एक गोष्ट सारखी खटकत होती. पाऊस किती कमी झाला हे प्रत्येक ठिकाणी होतं, पण घर कसं कोरडं पडतं याचा हिशेब कुठे नव्हता. तो मी स्वतः मांडून पाहिला. आकडे मी धरलेले आहेत, पण तिथल्या घराला साजेसे आहेत.

साठ चौरस मीटरचं पत्र्याचं छप्पर. घरात सहा माणसं. बाहेर दहा हजार लिटरची प्लॅस्टिकची टाकी. मदत म्हणून तिथे याच मापाच्या टाक्या बऱ्याच दिल्या गेल्या आहेत. छपराच्या एकाच बाजूला पन्हळ. हे मी मुद्दाम धरलं, कारण अर्ध्याच छपराला पन्हळ असणं, असलेली गंजून गळणं, पानांनी तुंबणं, ही अशा बेटांवरची जुनीच तक्रार आहे. चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. त्यातलं वीस टक्के उडून, सांडून जातं असं धरू.

चांगल्या महिन्यात तीनशे मिलिमीटर पडला. अर्ध्या छपरावरून टाकीत आले सात हजार दोनशे लिटर. सहा माणसांनी रोज माणशी चाळीस लिटर वापरले तर महिन्याला लागतात सात हजार दोनशे लिटर. जमाखर्च बरोबर. घरातल्या कोणाला दुसऱ्या बाजूच्या पन्हळीची आठवणही होणार नाही. कशाला होईल?

आता पाऊस साठ मिलिमीटरवर आला. टाकीत येतात एक हजार चारशे चाळीस, खर्च तोच. महिन्याला पावणेसहा हजारांची तूट. काठोकाठ भरलेली टाकी बावन्न दिवसांत तळाला.

दुसऱ्या बाजूलाही पन्हळ लावली तर? आवक दुप्पट होते, टाकी सत्तर दिवसांच्या जवळ जाते. बरं, पण पुरेसं नाही. मग पन्हळ दोन्ही बाजूंना, आणि टाकी भरलेली असतानाच वापर चाळिसावरून पंचवीस लिटरवर आणला, तर महिन्याची तूट राहते फक्त एक हजार सहाशे वीस लिटर. तीच टाकी सहा महिने पुरते.

बावन्न दिवस आणि सहा महिने यांत फरक किती साधनांचा? काही मीटर पन्हळ, आणि काटकसर केव्हा सुरू केली त्याची तारीख. पाऊस तोच, टाकी तीच. टाकी तळाला गेल्यावर माणशी सहा लिटरवर येण्यापेक्षा टाकी भरलेली असताना पंचवीसवर येणं कितीतरी सोसवणारं आहे. ते सहसा घडत नाही, कारण भरलेल्या टाकीपुढे उभं राहून कोणी काटकसर करत नाही. त्यातून गेल्या वर्षी ‘येईल पाऊस पुढच्या आठवड्यात’ म्हटलं आणि तो खरंच आला होता. या लोकांना मी निष्काळजी म्हणणार नाही. बहुतेक वर्षं त्यांचा अंदाज बरोबर ठरलेला असतो.

हिशेबात एक गोष्ट राहिली. घरोघरच्या टाक्या सारख्या नसतात. कोणाकडे मोठं छप्पर, दोन टाक्या. कोणाकडे तेव्हा न बुजवलेल्या खड्ड्याच्या काठावरची खोपटी, पत्रा गंजलेला, टाकीच नाही. त्यांचा दुष्काळ महिनाभर आधी सुरू होतो आणि तो कुठल्याच पर्जन्यमापकात दिसत नाही. शेजारधर्म आहे, देवळाच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या आणि गावसभेच्या इमारतीखाली मोठे हौद आहेत. प्रत्येक बेटाचा कारभार पाहणारी ‘काउपुले’ ही मंडळी त्या हौदांची कुलपं सांभाळतात. गावाचा हौद हीच खरी राखीव शिधोरी. तो उघडायची वेळ आली की समजावं, घराघरांतलं संपलं.

ऑक्टोबरचे दिवस

३ ऑक्टोबरला न्यूझीलंडच्या हवाई दलाचं हर्क्युलिस विमान फुनाफुतीच्या त्याच धावपट्टीवर उतरलं, जिने एकेकाळी पुलाकाचे खड्डे गिळले होते. त्यात समुद्राचं पाणी गोडं करणारी दोन यंत्रं होती. मागोमाग ऑस्ट्रेलियाने मोठं यंत्र पाठवलं. जपानने २००६ मध्ये दिलेलं यंत्र फुनाफुतीवर आधीपासून होतं. त्याची दुरुस्ती करून घेतली गेली.

नुकुलाएलाएची अवस्था आणखी बिकट. तिथे तीनशे तीस माणसं आणि प्यायचं पाणी उरलंय साठ लिटर, असा आकडा त्या दिवसांत बातम्यांत आला. साठ लिटर म्हणजे तीन बादल्या, अख्ख्या बेटाला. फुनाफुतीपासून ते सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आणि तिथे विमान उतरायला जागा नाही. देशात धावपट्टी एकच. बाकी सगळं बोटीने. माणसं आणि माल वाहायला तेव्हा सरकारची दोन जहाजं होती, ‘मानू फोलाऊ’ आणि ‘निवागा-२’. त्यांच्याच फेऱ्यांवर बाहेरच्या बेटांचा तांदूळ, डिझेल, औषधं, सगळं अवलंबून. बेटापाशी धक्का नसल्यामुळे जहाज बाहेर उभं राहायचं आणि लहान होड्यांतून सामान प्रवाळाच्या खाचेतून आत आणायचे. पाण्याचं यंत्र आणायचं तर तेही असंच.

विहिरीचं पाणी पिऊ नका, असं रेडक्रॉस सांगत होतं. आंघोळ, कपडे, भांडी यांसाठी लोक समुद्रावर आणि खाजणात जात होते. मिठाच्या पाण्याने अंग धुऊन गोड्या पाण्याचा शेवटचा तांब्या अंगावर घेतल्याशिवाय कातडीची काचणी थांबत नाही, हे समुद्रकाठच्या कोणालाही सांगायला नको. तो शेवटचा तांब्या त्या दिवसांत नव्हता.

शेजारच्या टोकेलाउमध्ये, जिथे दीडएक हजार माणसं तीन प्रवाळबेटांवर राहतात, त्याच आठवड्यात आणीबाणी लागली. तिथे विमानाची सोयच नाही, त्यामुळे अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या जहाजातून पाणी न्यावं लागलं.

मदत वेळेवर पोचली, माणसं वाचली. हे मोठंच काम झालं आणि ज्यांनी केलं त्यांचे उपकार मानावेत असंच आहे. पण या यंत्रांकडे नीट पाहायला हवं. समुद्राचं पाणी प्रचंड दाबाने पडद्यातून ढकलून मीठ मागे ठेवणारी ही यंत्रं. आपल्या घरातल्या आरओची थोरली भावंडं. दाबाला वीज लागते, विजेला डिझेल लागतं, डिझेल जहाजातून येतं. पडदे बदलावे लागतात, ते परदेशातून येतात. खाऱ्या हवेत पंप गंजतात. म्हणजे आभाळावरचं अवलंबन जाऊन त्या जागी जहाजावरचं अवलंबन येतं. आभाळ निदान फुकट देतं.

आपल्याकडच्या लक्षद्वीपचा या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे, कारण तीही प्रवाळबेटं आणि तिथेही गोड्या पाण्याचं तेच पातळ भिंग. कवरत्तीला २००५ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी देणारा प्रकल्प उभारला. त्यात पडदे नाहीत. वरचं कोमट समुद्राचं पाणी कमी दाबाखाली वाफ होऊ देतात आणि खोल समुद्रातून आणलेल्या गार पाण्याने ती वाफ थंड करून गोडं पाणी मिळवतात. बेटाला लागून समुद्र एकदम खोल होतो, ही प्रवाळबेटाची अडचण तिथे सोय ठरली. पंपाला वीज लागतेच. पण बेटाच्या स्वभावाकडे पाहून उत्तर शोधलं तर काय करता येतं, ते तिथे दिसतं.

पाऊस आल्यानंतर

एप्रिल-मे २०१२ मध्ये ला निना संपला. जुलैमध्ये पाणी आणि स्वच्छतेच्या हक्कांवर काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिनिधी कातारिना दि अल्बुकर्क तुवालूला जाऊन आल्या आणि पाण्यासाठी राष्ट्रीय धोरण आखा, असं त्यांनी सरकारला सांगितलं. पुढे ते झालं. माणशी दिवसाला पन्नास ते शंभर लिटर हे लक्ष्य ठरलं. जपानने दिवसाला शंभर घनमीटर पाणी देणाऱ्या यंत्रासाठी आणि दहा-दहा घनमीटरच्या दोन फिरत्या यंत्रांसाठी पैसे दिले. युरोपीय संघ आणि ऑस्ट्रेलियाकडून टाक्या आल्या.

मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते एक साधं काम, ज्याचा गाजावाजा झाला नाही. फुनाफुतीवर काही घरांनी पाण्याविना चालणारे, मैल्याचं खत करणारे संडास बांधून घेतले. तिथे त्यांना ‘फालेवातिए’ म्हणतात. प्रकल्प दुष्काळाच्या आधीच सुरू झालेला. असा संडास असला की घरातला पाण्याचा वापर तीस टक्क्यांपर्यंत कमी होतो. वरच्या हिशेबात चाळिसाचे अठ्ठावीस झाले म्हणा ना, आणि तेही कोणी तहानलेलं न राहता. शिवाय सेप्टिक टाकीची गळती थांबते, खालच्या भिंगाला तेवढा श्वास मिळतो, आणि पुलाकाच्या, केळीच्या मुळांना खत मिळतं. जुन्या पिढीला हे पटवणं सोपं नव्हतं. संडासाचं खत खाण्याच्या झाडाला घालायचं म्हटल्यावर आपल्याकडच्या आज्याही तोंडाला पदर लावतील. पण दोन बादल्यांच्या त्या दिवसांत ज्यांच्याकडे असा संडास होता, त्यांना निदान तिथे पाणी ओतावं लागत नव्हतं, आणि शेजाऱ्यांना ते दिसत होतं.

तुवालू जगाला माहीत आहे ते बुडणारा देश म्हणून. २०२१ मध्ये तिथले मंत्री सायमन कोफे गुडघाभर समुद्राच्या पाण्यात उभे राहून बोलले, ते चित्र सगळ्यांनी पाहिलं. ते खोटं नाही. फुनाफुतीला समुद्र १९९३ पासून वर्षाला पाचएक मिलिमीटरने चढतो आहे. पण पाच मिलिमीटरची गोष्ट पन्नास वर्षांची आहे, टाकीची गोष्ट बावन्न दिवसांची. बुडण्याच्या चित्रापुढे तहानेचं चित्र झाकलं जातं, आणि मग मदतीचा पैसाही मोठ्या भिंतींकडे, मोठ्या यंत्रांकडे आधी वळतो. पन्हळीला कोणी कोनशिला बसवत नाही.

फुनाफुतीवरच्या यंत्राचा नियम असा होता: घरांमधला साठा तीस टक्क्यांखाली गेला तरच ते चालवायचं. एक घनमीटर पाणी काढून टँकरने घरी पोचवायला सहा ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात खर्च यायचा, घराकडून साडेतीन घेतले जायचे, उरलेलं सरकार सोसायचं. पाऊस असो नसो, टँकरची मागणी थांबेना. घरं वाढली, माणसं वाढली, टाक्या त्या मानाने वाढल्या नाहीत, आणि अडीनडीसाठी ठेवलेलं यंत्र रोजचंच होऊन बसलं. रोजच चालणाऱ्या यंत्राकडून दुष्काळात जास्तीचं काय मागणार?

२०२० पासून सलग तीन वर्षं ला निना टिकला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तुवालूच्या सरकारने पाण्यासाठी पुन्हा आणीबाणी जाहीर केली.